मुळांची हद्द

३ फेब्रुवारी २०२५, सातारा

आंब्याला मोहोर आलाय, पण अर्ध्यालाच. परसाकडची बाजू झुबक्यांनी भरून गेली आहे. फाटकाकडच्या बाजूला नुसती पानं, तीही शेंड्याकडे विरळ, आणि मधूनमधून वाळलेल्या काटक्या. आंबा एकाआड एक वर्ष धरतो, कधी एक बाजू या वर्षी आणि दुसरी पुढच्या वर्षी, हे ठाऊक आहे. पण इथे हीच बाजू सलग तीन हंगाम रुसलेली आहे. आणि याच बाजूला गाडी लावायला म्हणून पेव्हिंग ब्लॉक बसवले गेले. थोरल्या मुलाने ते काम फोनवरूनच ठरवलं होतं.

दुपारी टेप घेऊन बसले. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर सव्वादोन मीटर भरला, म्हणजे व्यास सत्तर सेंटिमीटरच्या आसपास. बांधकामाजवळच्या झाडांसाठी ब्रिटनमध्ये जे मानक वापरतात त्याचा हिशेब सोपा आहे: व्यासाच्या बारापट त्रिज्या धरून खोडाभोवती वर्तुळ काढा, तेवढी जमीन झाडाची. आमच्या आंब्याची हद्द झाली जवळजवळ साडेआठ मीटर. घराची भिंत खोडापासून साडेचार मीटरवर आहे. कागदोपत्री पाहिलं तर आमचा हॉल आंब्याच्या जागेत मोडतो. घर १९७८चं, आंबा त्याच्या आधीचा. अतिक्रमण कुणाचं हे सांगायला नको.

वर जेवढं झाड तेवढंच खाली मूळ, ही समजूत खोडून काढण्यात माझी वर्गातली बरीच वर्षं गेली. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, कारण मुळांना श्वासासाठी हवा लागते आणि खोल मातीत ती नसते. ती पसरतात मात्र फांद्यांच्या सावलीच्याही बाहेर. त्यात साताऱ्याची जमीन म्हणजे वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. मूळ खाली जाणार कुठे? ते आडवंच पळतं, नेमकं आपण जिथे फरशी घालतो तिथून.

६ फेब्रुवारी, सातारा

गवंड्याला बोलावून फाटकाकडचे ब्लॉक काढायला घेतले. तो पहार टेकवून उभा राहिला. "बाई, लोकं बसवून घेत्यात, तुम्ही काढताय. गाडी कुठं लावायची मग?" म्हटलं, गाडीचं बघू, गाडीला मोहोर येत नाही.

ब्लॉकखाली बारीक खडी निघाली, ती अपेक्षितच होती. तिच्याखाली चार इंचांचा कोबा निघाला. ब्लॉकखाली कोबा घालायचं काही कारण नव्हतं. पेव्हिंग ब्लॉकचा सगळा गुण हाच की फटींतून पाणी खाली जातं, वाटलं तर उचलता येतात, पुन्हा बसवता येतात. खाली काँक्रीट ओतलं की तो गुण गेला. ठेकेदाराचं म्हणणं सगळीकडे एकच असतं: "बसायला नको म्हणून."

छिन्नीने कोब्याचा पहिला तुकडा सुटला तेव्हा तो पालथा करून पाहिला. तुकड्याच्या पोटाला पांढऱ्या, केसासारख्या मुळांचं जाळं चिकटलेलं होतं, ओलसर, इतकं दाट की काँक्रीट दिसेना. मुळं तिथे का जमतात? कोब्याच्या खालच्या अंगाला जमिनीतली वाफ थंड होऊन ओल धरते, आणि कोबा व माती यांच्यामध्ये कागदाइतकी फट असते, तिथे थोडी हवा मिळते. दाबून घट्ट केलेल्या मातीत शिरण्यापेक्षा मूळ त्या फटीतून सरकत जातं. मग ते जाड होतं, आणि वरची फरशी उचलली जाते. फरशी उचकटणारी मुळं मुद्दाम वर येतात असं लोक म्हणतात. त्यांना खाली दुसरी जागा ठेवलेली नसते.

जरा पुढे मनगटाएवढं एक मूळ निघालं. वरची बाजू चपटी झालेली, साल सोललेली, दोन्ही कडांनी नवी साल गुंडाळत येत होती. गवंड्याने कुऱ्हाडीकडे पाहिलं. मी नको म्हटलं. मनगटाएवढं मूळ तोडलं तर नुसतं अन्न तुटत नाही, झाडाचा एका बाजूचा आधारही तुटतो.

दिल्लीच्या झाडांच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं. फुटपाथवर एक मीटर मिळालं तरी पुष्कळ. पण स्वतःच्या अंगणात त्याच आकड्यावर का थांबायचं? आम्ही फाटकाकडे अडीच मीटरपर्यंत जमीन मोकळी केली. त्यापुढे गाडीच्या दोन चाकांपुरते शहाबादी फरशीचे दोन पट्टे, वाळूवर, सांधे न भरता. मधला भाग तसाच.

मोकळ्या केलेल्या जमिनीत कुदळ चालवू दिली नाही. बरीच बारीक मुळं अगदी वरच्या चार बोटांतही असतात, कुदळ त्यांनाच कापते. काट्याने ठिकठिकाणी नुसतं टोचून माती सैल केली, वर दोन इंच कुजलेलं शेणखत आणि त्यावर पालापाचोळा. पाचोळा बुंध्यापासून वीतभर लांब. बुंधा जमिनीला टेकतो तिथे तो पसरट होतो, तो भाग उघडा दिसला पाहिजे. खोड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत गेलेलं दिसलं तर समजावं की कुणीतरी माती चढवली आहे आणि खालची साल कुजायला लागली असेल.

१६ फेब्रुवारी, सांगली

धाकट्या भावाचा चार दिवसांपूर्वी फोन होता. "ताई, तू एकदा ये. इंजिनियर म्हणतो कडुनिंब काढा, नाहीतर भिंत जाईल." विश्रामबागेतलं त्याचं घर १९८४चं. तेव्हा इथे शेतं होती, आणि हा कडुनिंब त्या शेताच्या बांधावरचा. आता खोडापासून भिंत सहा मीटर. भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली आहे, वर रुंद, खाली निमुळती.

सातारा-सांगली अंतर किती, बसने तीन तास. पण जमीन पूर्ण दुसरी. ही कृष्णाकाठची काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हलक्या पायाचं घर या मातीबरोबर वरखाली होतं. म्हणूनच रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी खाली फुगीर टोक असलेले पाईल काढले. भावाच्या घराला त्यातलं काही नाही, तीन फुटांचा दगडी पाया आहे.

झाडाचा यात हात असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मोठं झाड उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढतं, त्यामुळे त्याच्या बाजूची काळी माती जास्त आक्रसते, आणि पायाचा तो कोपरा बसतो. १९७६च्या दुष्काळात लंडन आणि आसपासच्या चिकणमातीवरच्या घरांना अशाच चिरा पडल्या होत्या. विमा कंपन्यांकडे दाव्यांची रांग लागली आणि पाया किती खोल घ्यायचा याचे तिथले नियम बदलले.

पण तिथल्या अनुभवाची दुसरी बाजू इंजिनियर सांगत नाहीत. घरापेक्षा वयाने मोठं झाड तोडलं की ते ओढत असलेलं पाणी मातीतच राहतं. इतकी वर्षं कोरडी राहिलेली काळी माती मग फुगायला लागते, आणि पाया खालून उचलला जातो. हे फुगणं काही वर्षं चालतं. बसलेली भिंत सावरता येते, उचललेल्या भिंतीचं काय करायचं? हा कडुनिंब घराच्या आधीचा आहे. तो तोडून चीर थांबेल याची हमी इंजिनियर लेखी देणार का, असं मी भावाला विचारायला सांगितलं.

चिरेच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीने बारीक फुल्या मारल्या आणि कॅलिपरने मधलं अंतर मोजून भिंतीवरच तारखेसह लिहिलं. चीर आज चार मिलिमीटर. मातीमुळे असेल तर ती मेअखेर रुंदावेल आणि पावसात मिटेल. घर खरोखर खचत असेल तर पावसातही मिटणार नाही. पाच महिन्यांत कळेल, आणि पेन्सिलीला खर्च काहीच नाही.

१७ फेब्रुवारी, सांगली

सकाळी ड्रेनेजचा चेंबर उघडला. मुळांचा झुबका, शेपटासारखा लांब. वहिनी म्हणाल्या, "बघा, पाईप फोडला ना झाडानं." नीट पाहिलं तर पाईप जुना चिनीमातीचा, सांध्याचं सिमेंट सुटलेलं. चांगल्या पाईपला मूळ फोडत नाही. सांध्यातून पाणी पाझरत असतं, त्या ओलीच्या मागोमाग ते आत शिरतं. पाईप बदला, रबरी रिंगच्या सांध्याचा पीव्हीसी टाका, झाड आपोआप तिथलं लक्ष काढून घेईल. खणताना मात्र जेसीबी नको, हाताने चर काढायचा, अंगठ्यापेक्षा जाड मूळ आलं तर त्याच्या खालून पाईप सरकवायचा.

कायद्याचंही बोलणं झालं. शहरात स्वतःच्या अंगणातलं झाड असलं तरी ते तोडायला परवानगी लागते. १९७५चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे, आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिका या हद्दीत त्याचा अंमल करते. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा दिला, आणि असं झाड तोडायची वेळ आली तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची अट घातली. भाऊ म्हणाला, "एवढी साठेक रोपं मी लावू कुठं, गच्चीवर?"

गच्चीवर गेलोच. पॅरापेटच्या फटीत पिंपळाची चार पानं डोलत होती. वहिनी ती उपटायला तयार नाहीत, पिंपळ आहे म्हणून. त्यांना म्हटलं, मग उपटू नका, काढून कुंडीत लावा आणि पावसाळ्यात नदीकाठी कुठेतरी मोकळ्यावर नेऊन द्या. घराला धोका अंगणातल्या साठ वर्षांच्या कडुनिंबापेक्षा या चार पानांचा जास्त आहे. पिंपळ, वड, उंबर भिंतीत बोटाएवढा जाड झाला की भिंत फोडल्याशिवाय निघत नाही.

३० मार्च, सातारा. पाडवा

भावाने सकाळी कडुनिंबाचा पाला आणि फुलं पाठवली, सांगलीहून येणाऱ्या एका ओळखीच्या हाती. गूळ, ओवा, चिंच घालून वाटली. चीर साडेचार मिलिमीटर, असंही कळवलंय.

१२ एप्रिल, सातारा

छाटणीला माणूस आला. कमरेला दोर, हातात कोयता, आणि बरोबर मुलाच्या हाती पेट्रोलवरचा कटर. आंब्याकडे पाहून म्हणाला, "शेंडा मारून टाकू, वाऱ्याचं भ्या नको." शेंडा मारायला मी कधीच देत नाही. शेंडा मारलेलं झाड घाबरून असंख्य फुटवे काढतं, ते सालीच्या कडेला नुसते चिकटलेले असतात, आणि चारेक वर्षांत पहिल्या फांदीपेक्षा तेच आधी मोडून पडतात. वर मोठ्या जखमांतून कूज खाली उतरते ती वेगळीच. भीती वाटते म्हणून शेंडा मारायचा आणि मग खरंच भिण्यासारखं झाड तयार करायचं.

आंबा फळावर आहे, त्यामुळे आज फक्त वाळलेल्या फांद्या आणि कौलांवर घासणारी एक. हिरव्या लाकडाची छाटणी फळं उतरल्यावर. कौलांवरची फांदी मनगटापेक्षा जाड होती. माणूस थेट वरून कोयता घालायला निघाला, तसं झालं असतं तर फांदी स्वतःच्या वजनाने फाटत खोडाची साल हातभर सोलत गेली असती. त्याला तीन काप सांगितले. पहिला खालून, खोडापासून फूटभर अंतरावर, पाव जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या जरा पुढे वरून, म्हणजे फांदी स्वच्छ तुटून पडते. तिसरा उरलेल्या खुंटाचा, खोडाच्या अगदी अंगाला लागून नव्हे, फांदीच्या बुडाशी जी सुरकुत्यांची फुगीर गादी असते तिच्या बाहेरून. त्या गादीतच झाडाची कूज अडवणारी यंत्रणा असते. ती कापली तर जखम कधी नीट मिटत नाही, आणि बाहेर लांब खुंट सोडला तर तोच कुजून आत पोहोचतो.

अमेरिकेच्या वनसेवेतल्या अलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं. झाड जखम भरून काढत नाही, ती आत भिंती घालून कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. त्यांच्या कामातून हेही दिसलं की कापावर रंग, डांबर फासून आतली कूज थांबत नाही. आपल्याकडे बोर्डो पेस्ट लावायचा रिवाज आहे: मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर. मी ती पावसाळ्याआधी बुंध्याला लावते, कारण बुरशीला ती अटकाव करते. पण पेस्ट लावली म्हणून वाकडा काप माफ होत नाही.

खाली उतरताना माणसानेच दाखवलं: दोन पुरुष उंचीवर सालीत भोक, आणि त्याखाली दाढीसारखा लोंबलेला भुसा. भिरूड. सायकलच्या तारेने भोक उकरलं, पेट्रोलमध्ये बुडवलेला कापूस आत सारला, वरून चिखलाने बंद. जुन्या आंब्याला ही अळी हटकून लागते, आणि मुळाशी गुदमरलेल्या झाडाला आधी.

खोडात रुतलेले तीन खिळेही सापडले. कुठल्यातरी दिवाळीच्या माळांचे. ओढून काढले नाहीत. साल त्यांच्यावर चढली आहे, ओढताना नवी जखम झाली असती.

२३ एप्रिल, मिरजेहून परतताना

कवठे महांकाळला लग्न होतं. येताना गाडीत भोशाच्या वडाचा विषय निघाला. मिरज तालुक्यातलं भोसे, यल्लम्मा मंदिराजवळचा चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या रुंदीकरणात तो जाणार होता. २०२० साली लोक त्याच्याभोवती उभे राहिले, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नितीन गडकरींना पत्र लिहिलं, आणि रस्त्याची आखणी थोडी सरकवून वड ठेवायचं ठरलं. महामार्ग झाडासाठी वळला, ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही. दोन वर्षांनी, २०२२च्या पावसाळ्याच्या तोंडाशी, तो वड कोसळला.

गाडीतल्या एकाने लगेच निकाल दिला, "म्हणजे उगाच केला सगळा खटाटोप." मला तसं वाटत नाही. मात्र या घटनेमुळे मी एक गोष्ट सगळ्यांना सांगत असते. आपण झाड वाचवतो म्हणजे खोड वाचवतो. त्याच्याभोवतीची जमीन वाचवायची असते हे कुणाच्या नकाशावर नसतं. रस्ता असो की अंगण, रोलर फिरला, भराव पडला, बाजूने चर गेला, की झाड त्या दिवशी पडत नाही. पाच-सात पावसाळे ते साठवलेल्यावर उभं राहतं. मग एखाद्या संध्याकाळी पडतं, आणि दोष वाऱ्याला मिळतो.

२७ मे, सातारा

मॉन्सून काल मुंबई-पुण्यात पोहोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. मे महिन्यात मॉन्सून! गेले दहा-बारा दिवस वळवाने झोडपून काढलं होतंच, फलटणकडे तर पाण्याने हाहाकार.

गल्लीतला गुलमोहर पहाटे कंपाउंडवर आडवा झाला. कुणाला लागलं नाही. लोक म्हणाले, गुलमोहरच तो, परदेशी झाड, पोकळ. जाऊन पाहिलं. लाकूड घट्ट होतं. मुळांची थाळी उभी राहिली होती, आणि रस्त्याच्या बाजूला, खोडापासून हातभर अंतरावर, सगळी मुळं एका रेषेत कापलेली, सुरीने केक कापावा तशी. कापलेली टोकं काळी पडलेली, काहींवर बुरशीचे पांढरे पट्टे. दीड-दोन वर्षांपूर्वी तिथून पाईपलाईनचा चर गेला होता. चर खणणारे कुठल्या कामाचे होते हे आता कुणाला आठवत नाही. खोडाच्या व्यासाच्या तिपटीच्या आत सरळ चर गेला की झाड उभं राहण्याची खात्री कुणी देऊ नये. त्याच ठिकाणी जमिनीखालून आडवं भोक पाडून पाईप नेता आला असता, हल्ली केबलवाले नेतातच.

आमच्या आंब्याखाली पाणी साचलं नाही. मोकळ्या केलेल्या भागात पाचोळा बसून गेलाय, हाताने बाजूला केला तर गांडुळांची माती. आंबे परसाच्या बाजूचेच उतरले, यंदा आंबट. फाटकाकडच्या बाजूला मात्र पावसाआधीच तांबूस पालवी आली होती.

१० जून, सातारा. वटपौर्णिमा

पूजेच्या वडाला दरवर्षीसारखी गर्दी. त्याचा पार मागे नव्याने बांधला गेला. पूर्वी दगडाचा होता, सांध्यांत गवत यायचं. आता ग्रॅनाईट बसवलं आहे, अगदी खोडाला भिडवून, आणि फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवलेल्या. आत माती तीन फूट चढलेली, म्हणजे खोडाची साल तेवढी गाडली गेली. सात जन्मांची मागणी ज्याच्याकडे करायची त्याला या जन्मात श्वास घेऊ देत नाही. बाजारात वडाच्या फांद्या दहा-दहा रुपयांना विकायला होत्या, त्या कुठल्या तरी झाडाच्या तोडलेल्याच.

वडाला जागा दिली तर तो काय करतो ते याच जिल्ह्यात पाहता येतं. जावळी तालुक्यातलं म्हसवं, वडाचं म्हसवं म्हणूनच ओळखतात. ब्रिटिशांच्या सातारा गॅझेटियरमध्ये त्या वडाच्या सावलीचा १८८२ सालचा परीघ दीड हजार फुटांहून अधिक नोंदलेला आहे. पारंब्या जमिनीला टेकल्या, त्यांची खोडं झाली, आणि वड पसरत गेला. टेकायला जमीन होती म्हणून. आपल्या पाराच्या वडाच्या पारंब्या ग्रॅनाईटवर येऊन सुकतात, आणि मग झाडलोट करणारा त्या कापतो.

पाराच्या मंडळातल्या एका ओळखीच्या गृहस्थांना म्हटलं, खोडाभोवतीची एक ओळ तरी काढा. "बघू ताई, गणपतीनंतर," म्हणाले.

२८ जून, सांगली

चीर मोजली. २० मे रोजी भावाने सहा मिलिमीटर लिहिली होती. आज तीन. पाऊस यंदा लवकर आल्यामुळे उत्तरही लवकर मिळालं. घर खचत नाही, जमीन श्वास घेतल्यासारखी हलते आहे. इंजिनियरांनाही बोलावलं होतं. भले गृहस्थ, भिंतीवरच्या तारखा वाचत बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "आम्हाला कुणी असं मोजून दाखवत नाही हो, चीर दाखवतात आणि आजच काय ते सांगा म्हणतात."

तिघांनी मिळून ठरवलं ते असं. कडुनिंब राहील. जोत्याला लागून जे फुलझाडांचे वाफे आहेत आणि ज्यांना रोज पाईपने पाणी घालतात ते काढायचे, कारण काळ्या जमिनीत एका कोपऱ्याला सतत ओल आणि दुसरा कोरडा हेच घराला सर्वांत वाईट. जोत्याभोवती उताराची चार फुटी पट्टी, पावसाचं पाणी लांब नेणारी. छपराच्या पन्हळीचा पाईप थेट नाल्याला. कडुनिंबाला जानेवारीपासून मेपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा भरपूर पाणी, घराच्या विरुद्ध बाजूला, फांद्यांच्या कडेखाली, म्हणजे मुळांना त्या बाजूला जायला कारण मिळेल. घराकडे झुकलेल्या दोन फांद्यांची छाटणी, महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज करून. चीर भरायची ती पुढच्या हिवाळ्यात, तीही लवचिक मसाल्याने. आता सिमेंटने भरली तर मेमध्ये शेजारी दुसरी पडेल.

मुळं अडवायला जमिनीत पत्रा किंवा जाड प्लॅस्टिक उभं गाडतात, तो विषय इंजिनियरांनी काढला. लहान झाडासाठी ठीक. इतक्या मोठ्या झाडाला भिंतीच्या बाजूला चर मारून सगळी मुळं एका रेषेत कापायची म्हणजे आमच्या गल्लीतल्या गुलमोहराचीच तयारी.

गावभागात एका स्नेह्यांकडे चहाला गेलो. २०१९च्या पुराचं पाणी त्यांच्या घरात होतं, २०२१लाही. अंगणातल्या चिक्कूची गोष्ट त्यांनी सांगितली: पुरानंतर घरातला गाळ काढला, अंगणातला राहू दिला, सुपीक असतो म्हणून. फूटभर गाळ बुंध्याला चढला आणि पाण्यातून वाचलेला चिक्कू दोन वर्षांनी वाळला. काठावरच्यांनी लक्षात ठेवायला हवं: पुरानंतर बुंध्यावरचा गाळ पहिल्या महिन्यात काढायचा.

६ जुलै, सातारा. आषाढी

शेजारच्या बंगल्याचा नवा मालक सकाळी आला होता. त्याच्या अंगणात फणस आहे, माझ्या आंब्याएवढा जुना. दिवाळीपूर्वी सगळं अंगण ब्लॉकने करून घ्यायचंय, ठेकेदार उद्या आगाऊ न्यायला येणार आहे. "काकू, तुम्ही तर काढून टाकलेत, का ते सांगा." त्याला कागदावर लिहून दिलं ते इथेही उतरवून ठेवते, कुणाला उपयोगी पडलं तर:

ब्लॉकखाली कोबा घालणार का, हे आधी विचारा. घालणार असेल तर आगाऊ देऊ नका. फणसाच्या खोडाभोवती निदान दोन मीटर काहीच नको, ना ब्लॉक, ना कठडा, ना शोभेची रंगीत खडी. अंगणाची पातळी वाढवू नका. रोलर आणि जेसीबी फांद्यांच्या सावलीत आणू देऊ नका. आणि पानं पडतात म्हणून तक्रार असेल तर ती पानं गोळा करून झाडाखालीच टाका. वर्षाच्या खतावर खर्च करावा लागणार नाही.